नावाची पट्टी

४ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू फोन घेत नाहीस. दिवसभर अ‍ॅकॉर्डियनचे सूर लावून कान दमतात, वर आणखी टिटवीची टिवटिव कोण ऐकणार, असं तू आईला सांगितलंस म्हणे. म्हणून हे पत्र. कागदावर टिटवी आवाज करत नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

माझं वर्ष गेलं हे तुला कळलं असेलच, पण कसं गेलं ते आईने सांगितलं नसणार. तिला अजून ते नीट सांगता येत नाही. आमच्या मासिक-सजावटीच्या वर्गात वर्षाअखेर प्रत्येकाने एक अख्खा अंक तयार करायचा असतो. विषय निवडायचा, लोकांना भेटायचं, लिहायचं, फोटो काढायचे, पानं मांडायची आणि छापून घ्यायचा. मी संगीताचं मासिक केलं. मुखपृष्ठावर एका अ‍ॅकॉर्डियनवाल्याचा मोठा फोटो. तो गृहस्थ पानाबाहेर बघत होता. माणसाने पानाच्या आत बघावं, नाहीतर वाचकाची नजरही त्याच्यामागून बाहेर जाते, असं आम्हाला शिकवलंय. मी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, फोटो आरशात दिसावा तसा फिरवला आणि गृहस्थ आत बघायला लागले. मी खूश.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई स्वतः वाद्यवृंद चालवतात, हे मला काय माहीत! त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, फोटोभोवती हा एवढा गोल केला आणि म्हणाल्या की या माणसाच्या उजव्या हाताच्या पट्ट्या डाव्या हाताला गेल्यात, म्हणजे ही मुलगी एकाही वादकासमोर पाच मिनिटं बसलेली नाही. खरं सांगू? मला नापास झाल्याची जेवढी लाज वाटली नाही तेवढी तुझी वाटली. मामा अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करतो आणि भाचीला पट्ट्या कुठल्या हाताला असतात ते ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईने आणखी एक संधी दिली आहे, एकच. मार्चअखेर पुन्हा तीच परीक्षा, पुन्हा त्याच बाई. या वेळी पास झाले नाही तर एप्रिलपासून दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायचं, डॉक्टरांशी बोलूनही झालंय. तिथे बसले तर मी पेशंटांच्या फायलींची मुखपृष्ठं सजवत बसेन आणि महिन्याभरात तिथूनही हाकलली जाईन.

तर मामा, मी पुन्हा संगीताचंच मासिक करणार आहे. तुझ्या वर्कशॉपमध्ये चार दिवस येऊन बसू का? मध्ये बोलणार नाही. आणि अंकासोबत एक फॉर्म भरून द्यायचा आहे, ‘या प्रकल्पातून आत्मसात केलेली कौशल्ये’. सहा रेघा आहेत. गेल्या वर्षी मी सहाही रेघा झोकात भरल्या होत्या आणि नापास झाले. या वेळी काय भरावं, तेही सांग.

माया आहेच, तिच्यावर धूळ बसू देऊ नकोस.
तुझी टिटवी


११ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गिऱ्हाइकासमोरच वाचलं आणि इतका मोठ्याने हसलो की त्या बिचाऱ्याला वाटलं, मी त्याच्या वाद्याला हसतोय. पट्ट्या डाव्या हाताला! अगं, उजवा बूट डाव्या पायात घातलेला माणूस तू मुखपृष्ठावर उभा केलास आणि वर विचारतेस की चुकलं कुठे.

ये. चार दिवस नको, आठ दिवस ये. अटी तीन. सुरांच्या पत्त्या बसवायच्या मेणाच्या डब्याला हात लावायचा नाही. मी कान देऊन बसलो असताना बिस्किटाचा पुडा उघडायचा नाही. आणि जे समजलं नाही ते तिथल्या तिथे विचारायचं, मान डोलवायची नाही. मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्यांनी माझी तीन वाद्यं बिघडवली आहेत.

फोटोबद्दल एक खूण सांगून ठेवतो, जन्मभर उपयोगी पडेल. अ‍ॅकॉर्डियनच्या छातीवर बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी असते, पितळेची नाहीतर चकचकीत अक्षरांची. फोटोत नाव सरळ वाचता आलं तर फोटो सरळ. अक्षरं आरशातल्यासारखी दिसली की समजावं कुणीतरी शहाणपणा केलाय. एवढं गेल्या वर्षी बघितलं असतंस तर लाल पेनाची शाई वाचली असती.

फॉर्मचं मला विचारू नकोस. मी तीस वर्षं हे काम करतोय आणि काय शिकलो ते सहा रेघांत बसवा असं कुणी म्हटलं तर मी तीन कोऱ्या सोडेन.

येताना ताईकडून माझा राखाडी स्वेटर आण. जीव आहे तिथेच आहे, काळजी नसावी.
तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी आणि एकच टेबल, त्यामुळे तुझ्या वर्कशॉपची आठवण जरा जास्तच येते. तुझं टेबलही भरलेलंच असतं, पण त्यावरचा प्रत्येक स्क्रू कुठल्या डबीतला हे तुला माहीत असतं. माझ्या टेबलावरचा कंगवा कुणाचा हे चौघींनाही माहीत नाही.

आठ दिवसांत मी सर्वांत जास्त काय शिकले असेन तर गप्प बसायला. हसू नकोस. पहिल्या दिवशी मी तुला बावीस प्रश्न विचारले, वहीत आहेत. तू सतरांना हं म्हणालास. चौथ्या दिवशी मी नुसती बसले होते. तू तो फाटका भाता उलगडून त्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर चामडं चिकटवत होतास आणि आपणहून बोलायला लागलास. भाता कुठे फाटलाय त्यावरून वाजवणारा कसा माणूस आहे ते कळतं म्हणालास, घाईचा माणूस खालचा कोपरा आधी फाडतो. ते वाक्य बावीस प्रश्नांनी आलं नसतं. मासिकाचं नावही तिथेच सापडलं. ‘भाता’. कसं वाटतं?

त्यानंतर मी बस डेपोत गेले. तिथल्या चालकांचा गाणारा गट आहे, पाळी संपली की गॅरेजमध्ये सराव करतात. तिथेही गप्प बसले आणि चांगलं तासभर बोलले सगळे. फोटो काढताना वाद्याच्या नावाची पट्टी आधी बघते, मग माणसाचं तोंड. दुधाने तोंड पोळलंय ना, आता ताकही फुंकून पितेय.

तुझा लेख लिहून झाला. एकोणीसशे शब्द झाले होते आणि पानावर चारशेच बसतात. अक्षर बारीक करून बसवायला निघाले होते, तर आमचे सर म्हणाले की असं छापलंस तर मामांना वाचायला भिंग लागेल. मग कापायला बसले. पहिल्यांदा अगदी स्वतःचं बोट कापल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा कापताना मजा यायला लागली. सोबत पाठवते आहे. काही चुकलं असेल तर कळव, रागावून कळवलंस तरी चालेल.

एक विचारायचं राहिलं. कपाटावर चादरीत गुंडाळलेलं ते अ‍ॅकॉर्डियन कुणाचं? मी खाली काढू का म्हटलं तर तू म्हणालास की ते बाबांचं, आणि लगेच पंखा पुसायला घेतलास. जानेवारीत पंखा पुसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण मी गप्प बसले. शिकलेय ना.

आठवण काढत जा, उचकी लागली की मी समजेन.
तुझी टिटवी


९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

लेख वाचला. माझी पंधराशे वाक्यं तू कुठल्या नदीत सोडलीस? शब्द असतील, वाक्यं नसतील, पण मला तेवढी वाटली. जर्मन रीडबद्दल, सूर काढणाऱ्या त्या पत्त्यांबद्दल, मी जे अर्धा तास समजावून सांगितलं त्याची एक ओळ झाली. आधी चडफडलो. मग ती ओळ पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की मला अर्ध्या तासात एवढंच म्हणायचं होतं. हे इथे सांगतोय, चारचौघांत कबूल करणार नाही.

‘भाता’ नाव चांगलं आहे. लोहाराचं मासिक समजून कुणी घेतलं तर त्यालाही चार पानं वाचू दे.

कपाटावरचं वाद्य बाबांचंच. माझे बाबा, तुझे आजोबा. त्यांच्यामागे मी ते दुरुस्तही केलं नाही आणि वाजवलंही नाही. त्याबद्दल कधीतरी बोलू. पंखा खरंच घाण झाला होता.

मन लावून काम कर, जेवण चुकवू नकोस.
तुझा मामा


२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू मागितलास तो फोटो पाठवते आहे. जपून वापर, बाबांचा वाजवतानाचा एवढा एकच आहे. कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी काढला होता. कॉलरचा तो तुकडा बघ, ती कॉलर आईने उलटून शिवली होती. मी तेव्हा तीन वर्षांची असेन, टेबलाखाली कुठेतरी.

अंकात आजोबांचा फोटो टाकून मामाला चकित करायचं हे मला पटलं. तो बाबांबद्दल फार बोलत नाही. मीही नाही, खरं तर. आमच्या घरात त्यांच्याबद्दल बोलणं म्हणजे ते वाजवायचे तेव्हा बरं वाटायचं एवढंच. मामाला मी काही बोलणार नाही, माझ्या तोंडाला कुलूप.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी परवा पुन्हा विचारलं. मी सांगितलं, मार्च संपू दे. तुला वाटत असेल की मी मागे लागले आहे. लागलेच आहे. दोन वर्षं नुसती हवेत लोंबकळणारी मुलगी बघवत नाही गं. पण पास झालीस तर सगळ्यांत जास्त उड्या मी मारीन, गुडघा दुखत असला तरी.

सर्दी झाली का? वाफ घे. जिवाला जप, माझ्यापेक्षा जास्त.
तुझी आई


१२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

जोड्याने मारशील किंवा पाठ थोपटशील, काहीही कर, पण आधी बस. सोबत ‘भाता’चा पहिला अंक आहे. चोवीस पानं, दीडशे प्रती, कालच छापून पिना मारून आल्या. छापखान्याच्या बाईंनी नेहमीपेक्षा चांगला कागद दिला, त्यांच्याकडे कुणाचा तरी उरलेला होता.

आता मधलं पान उघड.

उघडलंस? तुझ्या लेखाच्या शेजारी आजोबा आहेत. आईने फोटो दिला आणि गुपित पाळलं. मला हा फोटो फार आवडतो. घरातल्या बाकी सगळ्या फोटोंत आजोबा उजवा हात खिशात घालून ऐटीत उभे असतात, सिनेमातल्यासारखे. इथे मात्र दोन्ही हात कामात आहेत आणि चेहरा असा की आपण कँटीनमध्ये मागच्या बाकावर बसलोय.

आणि आता शाबासकी मागू नकोस म्हटलंस तरी मागते. फोटो आला तेव्हा उलटा होता! पट्ट्या डाव्या हाताला. जुन्या काळी फिल्म उलटी ठेवून प्रत काढली तर असं व्हायचं म्हणे. तुझी खूण लावून बघितली, पण या वाद्याला नावाची पट्टीच नाही, नुसती दोन भोकं दिसतात. मागे पाटी नाही, घड्याळ नाही, काही नाही. पण गेल्या वर्षीची टिटवी आता राहिली नाही. पट्ट्या उजव्या हाताला असतात हे मला झोपेतही सांगता येईल. मी फोटो फिरवून सरळ केला. वर्गातल्या मुलींना खडूने फळ्यावर काढून समजावलं. लाल पेनवाल्या बाई या वेळी गोल काढायला जागा शोधत बसतील.

परीक्षा २८ तारखेला आहे. वाचून लगेच लिही. तुझ्या दोन ओळींनीही माझं आठवडाभर भागेल.
तुझी टिटवी


१६ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

अंक मिळाला. मधलं पान उघडलं आणि हातातला ब्रश मेणाच्या डब्यात पडला, म्हणजे माझी पहिली अट मीच मोडली.

फोटो उलटा नव्हता गं. तू केलास.

बाबा पट्ट्या डाव्या हातानेच वाजवायचे. सव्विसाव्या वर्षी कारखान्यात प्लायवूड कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची दोन. डॉक्टरांनी सांगितलं, आता वाजवणं विसरा. बाबांनी घरी येऊन वाद्य खालचं वर केलं. असं धरलं की पट्ट्या डाव्या हाताखाली येतात आणि खर्जाची बटणं उजव्या. खर्जाला तीन बोटं पुरतात. मग वर्षभर ते सगळं नव्याने शिकले, जो सूर खाली सापडायचा तो वर शोधायचा. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे असं आमची आई सांगायची. वर्षाने तेच शेजारी खिडक्या उघडून बसायला लागले. हा फोटो त्यानंतरचा, त्यात उजवी बोटं वाद्याच्या कडेआड झाकली गेली आहेत.

वाद्य उलटं धरल्यावर त्याच्यावरचं नावही उलटं झालं. लोक मान वाकडी करून वाचायचे आणि हसायचे. बाबांनी एक दिवस स्क्रू काढून पट्टी उतरवली. तुला दिसली ती दोन भोकं तिचीच. आणि खिशातला हात ही ऐट नव्हती. बोटं कुणी बघितलेली त्यांना आवडायची नाहीत, म्हणून आम्हीही तो विषय कायम खिशातच ठेवला. ताईला तर लहानपणी वाटायचं की सगळेच लोक असं वाजवतात.

तुला पट्टीची खूण सांगणारा मी, आणि आपल्याच घरातल्या वाद्याला ती पट्टी नाही हे सांगायचं टाळणाराही मीच. तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर लिही.

आता खरं सांगतो. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मी दुकान अर्धं बंद करून तो फोटो बघत बसलो. तुझ्या अंकात बाबा पहिल्यांदाच चारचौघांसारखे वाजवताना दिसतात. मला ते बघवेना आणि पान मिटवेनाही.

पण तू काही करू नकोस. अंक छापून झालाय, परीक्षा तोंडावर आहे. फोटो आहे तसा कुणालाही खटकणार नाही, लाल पेनवाल्या बाईंना तर मुळीच नाही. वर्ष वाचव. बाबांनी दोन बोटं गमावली तरी कुरकूर केली नाही, एका फोटोने त्यांचं काय बिघडणार आहे?

उरलेला अंक छान आहे, हे सांगायचं राहून जाईल म्हणून इथे लिहितो. जीव लावून असतो, हे तुला माहीत आहे.
तुझा मामा


१८ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

फोनवर बोलायला गेले तर रडू येईल आणि तुला एक अक्षर समजणार नाही, म्हणून लिहून कुरियरने पाठवते आहे. मामाचं पत्र सोबत आहे, ते आधी वाच.

आई, मी आजोबांना सरळ केलं. कुणालाही न विचारता. तुला एक फोन करून विचारलं असतं की आजोबा कुठल्या हाताने वाजवायचे, तर तू तिथल्या तिथे सांगितलं असतंस. पण मला माहीत होतं ना सगळं! गेल्या वर्षी काही माहीत नव्हतं म्हणून चुकले आणि या वर्षी माहीत होतं म्हणून.

मामा म्हणतो, असू दे. मला ते जमत नाही. पान उघडलं की वाटतं, आजोबांनी वर्षभर घाम गाळून जे शिकून घेतलं ते मी एका बटणाने पुसलं. फोटो होता तसा छापायचा म्हणते. मधला एकच कागद बदलायचा आहे, पिना उघडून तो काढता येतो. पण मग फोटो बरोबर असेल आणि दिसेल चूक, तीच चूक, त्याच बाईंसमोर, दुसऱ्यांदा. खाली काहीतरी लिहावं लागेल. बोटांचं लिहिलं तर बाई शब्दही न बोलता पास करतील, पण ते लिहायचा हक्क मला नाही. तुला आहे. तू सांगशील तसं करीन. आणि पुन्हा नापास झाले तर दवाखान्यात तक्रार न करता बसेन, हेही लिहून देते.

तुझा हात डोक्यावर आहे ना?
तुझी टिटवी


२० मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोळ्या करपल्या. असो.

बोटांचं लिहू नकोस. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही, आपण दाखवायचं नाही. पण वाजवणं त्यांनी कधी लपवलं नाही. भर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर वाजवायचे. तेवढं लिही, आणि तेवढ्याने बाईंचं समाधान झालं नाही तर न होवो.

दवाखान्याचं नंतर बघू. डॉक्टर काही पळून जात नाहीत.

ताठ मानेने जा. मी आहे.
आई


२९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पास!

आता पहिल्यापासून सांगते. तुझं ऐकलं नाही. आईला विचारलं आणि मधला कागद पुन्हा छापला. छापखान्याच्या बाई म्हणाल्या की दीडशे अंकांच्या पिना उघडून परत मारायला माझ्याकडे माणसं नाहीत. आमच्याकडे होती, आम्ही चौघी आणि चार बटर नाइफ. दोन दुपारी खोलीभर नुसत्या पिना. एकीच्या उशीत अजून सापडतात. एका कागदावर चार पानं असतात आणि समोरचं पान कुठल्या पानाच्या पाठीला चिकटलेलं असतं, हे वर्गात मला दोन वर्षांत समजलं नव्हतं, ते पहिल्या दहा प्रतींत समजलं.

फोटोखाली लिहायची ओळ मात्र पिनांपेक्षा जड गेली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती साठ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्दात मी बाईंची माफी मागत होते. मग तुझ्या लेखासारखी कापत गेले. माफी काढली, कारण काढलं, कौतुकही काढलं. उरलं ते असं: ‘फोटो उलटा नाही. ते असेच वाजवत.’

परीक्षेला बाई एकेक पान उलटत होत्या. मधलं पान आलं. फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं, आणि पर्समधून लाल पेन निघालं. टोपण काढलं. पेन कागदाला टेकणार तेवढ्यात त्यांनी खालची ओळ वाचली. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात हवेत धरून एक नसलेलं अ‍ॅकॉर्डियन खालचं वर केलं. डावा हात पट्ट्यांवर, उजवा बटणांवर, थोडा वेळ बोटं हलवून बघितली. मला विचारलं की मग सगळे सूर उलटे शोधावे लागले असतील. मी म्हटलं, हो, वर्ष लागलं. कोण होते, असंही विचारलं. मी म्हटलं, माझे आजोबा. त्या म्हणाल्या, बरं. आणि टोपण लावून टाकलं. आणखी काहीच विचारलं नाही. मला त्या जागीच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एकसष्ट गुण मिळाले. मधला कागद बाकीच्यांहून जरा पांढरा दिसतो म्हणून चार कापले, बरोबरच आहे, तो चांगला कागद संपला होता. आईने फोनवर खरंच उड्या मारल्या, गुडघ्याला काहीतरी झालंय, तिला विचार. आणि दवाखान्यात तिने सांगून टाकलं की मुलगी येणार नाही. छापखान्याच्या बाईंनी मला पानं मांडायला बोलावलंय, एक तारखेपासून.

तो फॉर्म राहिला. सहा रेघांपैकी मी एकच भरली. लिहिलं, न विचारता कुणाला सरळ करायला जाऊ नये. सर म्हणाले, हे कौशल्यात बसतं का? बाई म्हणाल्या, बसवा.

नवा अंक सोबत आहे. जुना जाळ, फाड, काहीही कर. माझ्यावरचा राग असेल तर व्याजासकट धाड, पण माया थांबवू नकोस.
तुझी टिटवी


३ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

नवा अंक पोचला. तू माझं ऐकलं नाहीस याचा मला इतका आनंद झाला की आता पुढे तुला सल्ला कसा द्यायचा हा प्रश्नच आहे. बहुतेक उलटा देईन.

ताई परवा येऊन गेली, गुडघा धरून. आम्ही दोघांनी मधलं पान टेबलावर उघडून ठेवलं आणि बाबांबद्दल बोललो. दुपारभर. ती म्हणाली की टेबलाखालून तिला त्यांचा पाय दिसायचा, ठेका धरलेला. मला तो पाय अजिबात आठवत नव्हता, ती म्हणाल्यावर आठवला. तुझ्या त्या दोन वाक्यांनी हे झालं. एकोणीसशे शब्दांनी झालं नसतं.

जुना अंक मी जाळला नाही. ठेवलाय, माझ्याही चुकीचा तो पुरावा आहे. कपाटावरचं वाद्य खाली काढलं. भाता खालच्या कोपऱ्यावर फाटलाय. बाबा घाईचे नव्हतेच, वाद्यच खालचं वर होतं. चामडं लावलं, मेण नवं भरलं, आता सुरात आहे. रविवारी ये. वाजवायला मी आहे, मासिकासाठी बसली होतीस तसं गप्प बसून ऐकायला तू.

अंगावर काहीतरी घे, बाहेर वारा आहे. मामाचा जीव तुझ्यापाशीच असतो, परत मागणार नाही.
तुझा मामा

ता. क. नावाची पट्टी बाबांच्या हत्यारांच्या खणात सापडली, स्क्रूसकट कागदात गुंडाळलेली. मी ती परत वाद्यावर बसवली आहे, पण फिरवून. आता वाद्य बाबांसारखं धरलं की नाव सरळ वाचता येतं. बाकीच्यांनी मान वाकडी करावी.